अंगण वाकडे

बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाकडे दोन प्रकारचे शिक्के असतात. एक रबराचे, ते निवृत्तीच्या दिवशी मोजून परत द्यावे लागतात. दुसरे म्हणींचे, ते जन्मभर जवळ राहतात आणि त्यांना शाईसुद्धा लागत नाही. माझ्याकडचा सगळ्यात झिजलेला शिक्का म्हणजे ‘नाचता येईना अंगण वाकडे’. टायपिस्ट म्हणाली, मशीन जुनं आहे म्हणून चुका होतात. ठप्प! कॅशियर म्हणाला, पंख्याच्या वाऱ्याने नोटा उडतात म्हणून हिशेब जुळत नाही. ठप्प! सौ. म्हणाली, रेशनचा तांदूळच असला, तर भात मोकळा कसा होणार? इथे मात्र शिक्का उचललेला हात मी तसाच हवेत ठेवला. मॅनेजर झाला तरी काही ठिकाणी त्याला सहीचे अधिकार नसतात.

हा शिक्का २०२३ च्या उन्हाळ्यात, माझ्या वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका मैदानावर मोडला. मोडणाऱ्याचं वय बारा. नात्याने नातू. आणि मोडायला वापरलेलं हत्यार म्हणजे दीड किलो वजनाची एक मोटार.

आम्ही उभयता चिरंजीवांकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. पहिल्याच दिवशी डायनिंग टेबलावर ती दिसली. एक टॉवेल अंथरलेला, त्यावर चार काटेरी चाकं आणि मध्ये सांगाडा. शस्त्रक्रिया अर्धवट टाकून डॉक्टर चहाला गेल्यासारखा देखावा. मी कौतुकाने म्हटलं, “अरे वा! खेळण्यातली मोटार का?”

घरात शांतता पसरली. सोवळ्यात बसलेल्या आजीला शिवल्यावर पूर्वी पसरायची तशी.

“बाबा,” चिरंजीव म्हणाले, “हे खेळणं नाही. ही बग्गी आहे. एकास दहा प्रमाणातली. ऑफ-रोड.”

बग्गी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर घोडा आला. पण तसं नव्हे. ही रेडिओवर चालणारी, खाचखळग्यांतून पळवायची शर्यतीची गाडी. बॅटरीवर चालते आणि ताशी पन्नास किलोमीटरच्या वर सहज जाते. माझी स्कूटर उभ्या आयुष्यात पन्नासच्या वर गेली नाही. एकदा गेली होती, ती कात्रजच्या उतारावर, ब्रेक निकामी झाल्यामुळे.

मग चिरंजीवांनी मला या घराण्याचा इतिहास सांगितला. १९७९ साली जपानच्या तामिया कंपनीने ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ काढल्या आणि जगभरच्या मुलांना घराबाहेरच्या मातीत मोटार पळवता येते हा शोध लागला. १९८४ साली त्यांचीच ‘ग्रासहॉपर’ आली आणि त्याच साली कॅलिफोर्नियातून ‘आरसी-टेन’ नावाची गाडी आली. तिने मात्र खेळ बदलून सर्कशीची शर्यत केली. १९८५ साली कॅलिफोर्नियातच डेल मार इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. मासामी हिरोसाका नावाच्या जपानी गृहस्थाने तर पुढे या रेडिओच्या मोटारींची तब्बल १४ जागतिक विजेतेपदं मिळवली.

“तुला हे सगळं कसं माहीत?” मी विचारलं.

“मुंबईला आमच्या वर्गात एकाकडे ग्रासहॉपर होती. त्याच्या मामाने सिंगापूरहून आणलेली. गच्चीवर चालवायचा.”

“मग तूही चालवलीस?”

“नाही. हात लावू द्यायचा नाही,” चिरंजीव म्हणाले आणि स्क्रू पिळू लागले. नातवाच्या नावाने कुणाची हौस चालली आहे ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. पण बापाने बापपणाच्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

या गाडीचं एक बरं, की ती पेटीतून तयार निघत नाही. पेटीत निघतात शेकडो सुटे भाग आणि एक पुस्तक. म्हणजे दुकानदाराला पैसे देऊन काम आपणच करायचं. आणि गाडी एकदा जुळवली म्हणजे जुळली असंही नाही. खरा धंदा पुढेच. त्याला ‘सेटअप’ म्हणतात. टायर कोणते, टायरच्या आतला फोम कोणता, स्प्रिंग कडक की मऊ, शॉक-ॲब्सॉर्बरमध्ये तेल जाड की पातळ, चाकं वरच्या बाजूने किती आत कललेली, गाडीचं पोट जमिनीपासून किती वर. सगळं मोजून. तेलाच्या इवल्या बाटल्यांवर जाडीचे आकडे. उन्हाळ्यात तेल पातळ होतं म्हणून जरा जाड घालायचं, थंडीत उलट. सौ.ला हे लगेच पटलं. तिने खोबरेलाची बाटली थंडीत उन्हात ठेवण्यात चाळीस वर्षं घालवली आहेत.

डिफरन्शिअल हा प्रकार मला नातवाने समजावला. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्याला जखडलं तर गाडी वळायला कुरकुर करते. मला एकदम शाळेतली कवायत आठवली. रांग वळताना आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा धापा टाकत पळतो. मी कायम बाहेरचा असायचो. तर ही पळापळ नीट व्हावी म्हणून सेसिल शूमाकर नावाच्या एका इंग्रज इंजिनिअराने १९८० च्या सुमारास छोट्या पोलादी गोळ्यांचं डिफरन्शिअल काढलं आणि नॉर्थॅम्प्टनला कारखाना घातला. आमच्या घरापासून तासाभराच्या आत. नातू ही माहिती अशा अभिमानाने सांगतो, की जणू शेजारच्या गावी ज्ञानेश्वरी लिहिली गेली.

आणि मोटारीतली मोटार! म्हणजे आतलं विजेचं यंत्र. ते मागच्या आसाच्या मागे बसवायचं की पुढे, यावर या लोकांत शैव-वैष्णव आहेत. हा वाद मात्र मला न समजावता समजला. मी उमेदीच्या काळात सौ.ला सायकलवर डबलसीट नेत असे. ती मागे कॅरिअरवर बसली, की मागचं चाक रस्ता घट्ट धरायचं, पण हँडल इतकं हलकं व्हायचं की वळायचं तिथे सायकल सरळच जायची. आणि चिरंजीव पुढे दांडीवर बसले, की सायकल हवी तशी वळायची, पण मुरमाच्या चढावर मागचं चाक फुकट फिरायचं. झालं! सुट्या मातीवर वजन मागे हवं. पकड भरपूर असेल तिथे ते मध्ये आणलेलं बरं. मी हे बोलून दाखवल्यावर चिरंजीवांनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. सौ.ने ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही.

पण या सगळ्याचं मूळ आहे जमीन. इंग्लंडात पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून पुष्कळ क्लबांनी मातीचा नाद सोडून कृत्रिम हिरवळ अंथरली आहे किंवा हॉलमध्ये गालिचा. २०१५ ची जागतिक स्पर्धासुद्धा जपानात अशा हिरवळीवरच झाली. अमेरिकेत मात्र अजून मातीला मान आहे. तिथे हॉलच्या आत चिकणमाती चोपून आपल्या खळ्यासारखी गुळगुळीत करतात आणि काही ठिकाणी पकड यावी म्हणून साखरेचं पाणी शिंपडतात.

“आणि मुंग्या?” सौ.ने विचारलं. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

जमीन बदलली की टायर बदलायचे. सुट्या मातीला उंच काटे, कृत्रिम हिरवळीला बारीक काटे, त्या साखरभातासारख्या चिकणमातीला तर अगदी गुळगुळीत. गालिच्याची तऱ्हा सगळ्यात निराळी. तिथे पकड इतकी, की वळणावर गाडी घसरायच्या ऐवजी सरळ कोलांटी खाते. गर्दीच्या लोकलमध्ये दादरला उतरताना धड बाहेर निघतं आणि पाय मात्र कुणाच्या तरी पिशव्यांत रुतलेले असतात, तसं. मग पुढच्या टायरच्या कडेला हे लोक काय लावतात? गोंद! वाळून कडक झाला की कडेची पकड कमी होते म्हणून. चिकटपणा कमी करण्यासाठी गोंद लावणारी माणसं मी आयुष्यात प्रथमच पाहिली.

नातू दर मंगळवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये गालिच्यावर गाडी पळवायचा आणि बरी पळवायचा. जून महिन्यात चिरंजीवांनी त्याला प्रथमच एका रविवारच्या क्लबात नेलं. उघड्यावरचा, कृत्रिम हिरवळीचा, उंचवटे आणि उड्या असलेला ट्रॅक. मीही गेलो. एका बाजूला माचासारखा उंच ओटा. त्यावर शर्यतवाले ओळीने उभे राहतात, हातात पिस्तुलासारखा रेडिओ. खाली गाड्या. प्रत्येक गाडीत एक यंत्र असतं, त्यावरून तिची फेरी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. आमच्या बँकेत एवढ्या काटेकोरपणे फक्त लेट मार्क लावत.

शर्यत पाच मिनिटांची. नातवाची गाडी हिरवळीवर गेली आणि तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचावा तशी नाचू लागली. प्रत्येक उंचवट्यावर टणाटण. उडी मारली की नाकावर. तो शेवटचा आला. दुसऱ्या फेरीतही शेवटचा. लाल चेहऱ्याने टेबलापाशी आला आणि त्याच्या त्या खास मराठीत म्हणाला, “आजोबा, इथली जमीनच वेगळी आहे. कार नीट बसतच नाही.”

माझा हात आपोआप खिशात गेला असावा. शिक्का बाहेर आला. “अरे,” मी म्हटलं, “नाचता येईना अंगण वाकडे!”

“म्हणजे?”

मी अर्थ सांगितला. अंगण म्हणजे काय तेही सांगितलं. त्याने गंभीरपणे ऐकून घेतलं, विचार केला आणि विचारलं,

“किती वाकडं?”

“किती म्हणजे?”

“म्हणजे किती मिलिमीटर?”

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. टायपिस्टने नाही, कॅशियरने नाही, युनियनच्या सेक्रेटरीनेसुद्धा नाही. अंगण वाकडं आहे असं कुणी म्हणालं, तर मोजपट्टी घेऊन अंगणात जावं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो.

चिरंजीव टेबलावर वाकून गाडीची चाकं काढत होते. मान वर न करता म्हणाले, “त्याला बोलू नका बाबा. गाडी अजून मंगळवारचीच आहे.”

बस्, एवढंच. मग त्यांनी गाडीचं पोट १६ मिलिमीटरवरून २० वर नेलं, मऊ स्प्रिंगा लावल्या, शॉकमधलं तेल बदलून पातळ घातलं, गोंदवाले टायर काढून बारीक काट्यांचे चढवले. मी शेजारी उभा होतो. पण खरं सांगतो, मी तिथे नव्हतो. मी १९८८ च्या जूनमध्ये होतो.

त्या वर्षी माझी कराडहून मुंबईला बदली झाली होती. चिरंजीव तेव्हा आठवीत. कराडला मराठी शाळेत पहिल्या तिनांत असायचे. मुंबईत मी कौतुकाने इंग्रजी शाळेत घातलं. सहामाहीत नंबर आला त्रेचाळिसावा. प्रगतिपुस्तक माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला होता, “बाबा, इथे सगळं वेगळं आहे.” आणि मी पेपरमधून मान वर न काढता शिक्का मारला होता. तोच. ठप्प!

त्यानंतर त्याने तक्रार केली नाही. पुढे कॉलेजात, नोकरीत, परदेशात, कधीच नाही. फोनवर कसं काय विचारलं की ‘सगळं ठीक’. याला मी इतकी वर्षं समजूतदारपणा म्हणत आलो होतो. मुलगा अजून कराडचाच होता आणि मी त्याचं पोट चार मिलिमीटरसुद्धा वर उचललं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत नातू खालून तिसरा आला. फायनलमध्ये मात्र एकाच नळीवर गाडी पाच वेळा आपटून पुन्हा शेवटचा. चिरंजीव त्याला म्हणाले, “आता हे गाडीचं नाही. हे तुझं.” पोरगा हसला आणि म्हणाला, “माहीत आहे.” दोन्ही गोष्टी एकाच दिवसात, एकाच टेबलावर, आवाज न चढवता. मला माझ्या कारकिर्दीतले पुष्कळ मेमो आठवले.

त्यानंतर मी या खेळात जातीने लक्ष घातलं. एकदा रेडिओही हातात घेतला. गाडी लांब जाते तोवर ती आपल्या मुठीत असते. पण वळून आपल्याकडे यायला लागली, की डावं-उजवं उलटं. डावीकडे वळवावी तर ती आपल्या उजवीकडे जाते. मी तिला कुंपणात घालून रेडिओ परत दिला. परदेशातून घरी येणाऱ्या मुलांचंही असंच असतं, असं मी म्हणणार होतो. पण म्हणींचं दुकान बंद करायचं ठरवलं होतं.

एकदा मार्शलही झालो. इथला नियम असा, की आपली शर्यत झाली की पुढच्या शर्यतीत आपण ट्रॅकच्या कडेला उभं राहून उलटलेल्या गाड्या सुलट्या करायच्या. लहान मुलांच्या वतीने घरचं माणूस चालतं. चिरंजीवांना ऑफिसचा फोन आला म्हणून मी पिवळं जाकीट घालून उभा राहिलो. पहिली गाडी सुलटी केली ती तोंड उलट्या दिशेला करून. ती थेट मागून येणाऱ्या तिघांवर गेली. माचावरून जे शब्द आले ते इंग्रजी असूनही मला कळले. दुसरी गाडी उचलायला वाकलो तोवर तिसरी माझ्या घोट्यावर. सौ. खुर्चीवरून म्हणाली, “बँकेतही तुम्ही असेच मध्ये उभे असायचा.”

पण एक काम मला जमलं. जेवणाच्या सुटीत सगळे सँडविच खात असताना मी बूट-मोजे काढून ट्रॅकवरून अनवाणी चालत आलो. लहानपणी शेणाने सारवलेलं अंगण वाळलं की नाही ते आम्ही पायानेच बघत असू. एक प्लंबर गृहस्थ, या क्लबातले ज्येष्ठ, काळजीने विचारायला आले, की मला बरं वाटतं आहे ना. मी नातवाला सांगितलं, “त्या झाडाखालच्या वळणावर अजून ओल आहे. बाकी सगळं वाळलंय.”

“किती ओल?”

हा प्रश्न आता मला अपेक्षित होता. “रात्रभर दोरीवर राहिलेल्या टॉवेलइतकी.”

त्याने वहीत लिहून घेतलं. इंग्रजीत. त्या वळणावर तो हलक्या हाताने गेला आणि पुढचे दोघे तिथेच घसरले. त्या दिवशी तो ‘सी’ फायनलमधून ‘बी’त गेला आणि दहांत सातवा आला. आम्ही घरी श्रीखंड केलं.

निघायच्या आदल्या रात्री चिरंजीव गॅरेजमध्ये गाडी साफ करत होते. जुना टूथब्रश, पांढरा दिवा. दुसऱ्या दिवशी मंगळवार. गाडी पुन्हा गालिच्यावर जायची होती. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. बापाला मुलाशी बोलायचं असलं, की मुलाचे हात कामात असलेले बरे. नजरेला नजर द्यावी लागत नाही.

“कराडहून मुंबईला आलो ना आपण,” मी म्हटलं, “तुझी आठवी. तेव्हा अंगण खरंच वाकडं होतं रे.”

ब्रश थांबला. मग पुन्हा चालू झाला.

“थोडं नाचताही येत नव्हतं, बाबा.”

“ते असेल. पण अंगण किती वाकडं होतं?”

चिरंजीवांनी गाडी डोळ्यांसमोर धरली, एक डोळा मिटून तिच्या पोटाखालून पलीकडे पाहिलं.

“असेल चारेक मिलिमीटर,” ते म्हणाले आणि न बघताच पान्यासाठी हात पुढे केला.

मी दीडचा दिला. बरोबर निघाला.